उलटं आवतन

"तो प्लेअर खाली ठेव की जरा," अंबादास म्हणाला. "पुण्यापासून मांडीवर घेऊन बसलायस."

"खाली गचके बसतात."

"बसू देत. आज एकदा वाजला म्हणजे झालं. आबांचं नाव मोकळं झालं की परत जाताना टपावर टाकू त्याला."

तो हसला. मीही हसल्यासारखं केलं.

बार्शी मागे टाकून एस.टी. कच्च्या रस्त्याला लागली होती. चैत्रातली सकाळ, दहाचा सुमार, तरी खिडकीच्या गजांना हात लावला तर चटका बसत होता. माझ्या मांडीवर बॅटरीवर चालणारा, सुटकेससारखा मिटणारा रेकॉर्ड प्लेअर होता. पिशवीत एकच रेकॉर्ड. शेजारी खिडकीशी रोहिणी सबनीस बसली होती आणि शिवाजीनगर सोडल्यापासून तिनं माझ्याशी एक शब्द काढला नव्हता. अंबादास पुढच्या बाकावर मागे तोंड करून बसला होता. आम्हां तिघांत तो एकटाच निर्धास्त होता, आणि तेच मला सोसवत नव्हतं.

ही गोष्ट १९७४ सालची. मी, रूबेन साळवे, तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. आमचं घर नगरचं. वडील, म्हणजे आमचे पपा, चर्चमध्ये पायपेटी वाजवायचे आणि मी त्यांच्या बाजूला बसून गिटार शिकलो. पुण्यात एका छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत मी टेपा लावायचं, जोडायचं, पुसायचं काम करत होतो. अंबादास पाचंगे गोंधळ्याचा मुलगा. एका लोकनाट्याच्या फडाबरोबर पुण्यात आला आणि इथेच राहिला. त्याच्या संबळावर पहिल्यांदा काठी पडलेली ऐकली त्या दिवशी मी घरी जाऊन माझ्या सगळ्या चाली फाडून टाकल्या. रोहिणी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. गाणी तीच लिहायची आणि तीच गायची.

तिघांनी मिळून एक रेकॉर्ड काढली, 'हळदीचं ऊन'. आठ गाणी. एकात जात्याच्या घरघरीवर इलेक्ट्रिक गिटार, एकात पपांची पायपेटी आणि तिच्यामागे अंबादासचं तुणतुणं, एकात लहान मुलांचा खेळण्यातला पियानो. एका गाण्यात तर रोहिणी नुसती रंगांची नावं म्हणत होती आणि मी तिचा आवाज एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे फिरवत होतो. कव्हरवर तिनंच काढलेली, कपाळावर तिसरा डोळा असलेली पिवळी शेळी होती.

लोकांनी काय म्हणावं, हे लोकांनाच कळेना. कॉलेजच्या वसतिगृहांत पोरं दिवे मालवून, जमिनीवर आडवी पडून ती ऐकायची. पुण्याच्या एका दैनिकात एका जुन्या समीक्षकानं लिहिलं, "या तिघांनी इतके पदार्थ एकाच ताटात कालवले आहेत, की जेवणाऱ्याची भूकच मरते." आणि पुढे, "देवीचं लुगडं गिटारच्या तारेवर वाळत घातलं, म्हणजे ते लोकसंगीत होत नाही." रेडिओवरच्या एका साहेबांनी रेकॉर्ड उलटसुलट करून पाहिली आणि प्रामाणिकपणे विचारलं, "ही लावायची कुठल्या कार्यक्रमात, ते सांगा. कामगारांसाठी, की युवकांसाठी, की भक्तिसंगीतात?" पपांनी सगळी ऐकून पत्र पाठवलं: "पेटी चांगली वाजली आहे. बाकीचं प्रभूला ठाऊक."

मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकानं मात्र आम्हांला डोक्यावर घेतलं. सगळं बिघडलं ते त्या कौतुकानं.

शेवटचं गाणं चार मिनिटांचं होतं. त्यात शब्द नव्हते. माझ्या गिटारचे दोनच सूर आणि त्यांच्यावर उलटा वाजणारा एक माणसाचा आवाज. तो आवाज अंबादासच्या वडिलांचा होता.

आदल्या वर्षी मी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या गावी गेलो होतो. मल्हारीआबा पाचंगे म्हणजे त्या भागातले जुने, नावाजलेले गोंधळी. गोंधळाच्या सुरुवातीला ते ठिकठिकाणच्या देवीला नाव घेऊन बोलावतात. त्याला त्यांच्या घरात आवतन म्हणत. आबांचं आवतन अंबादासला धड येत नव्हतं. टेपवर असलं तर पुण्यात बसून शिकता येईल, असं तो म्हणाला. आबांनी बराच वेळ मशीनकडे पाहिलं.

"दिवटी न पेटवता म्हनतो," ते म्हणाले. "म्हंजे ते नुस्तं गानं. पोराला शिकायला. पर दुसऱ्या कुनाला ऐकवायचं न्हाई. बाजारात तर न्हाईच न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

भर दुपारी, माजघरात, डोळे मिटून ते अकरा मिनिटं गायले. संपल्यावरही कोणी हललं नाही. आबांनी डोळे उघडले आणि आपण कुठे आहोत हे कळायला त्यांना एक क्षण लागला.

पुढे रेकॉर्डच्या सात गाण्यांचं काम झालं, आठवं काही केल्या सुचेना. अंबादास लग्नसराईतल्या गोंधळांसाठी गावी गेलेला. एक दिवस ते रीळ मी चुकून शेवटाकडून लावलं. आवाज सुरू झाला आणि माझ्या अंगावर काटा आला. एकेक शब्द हवेतून ओढून घेतल्यासारखा घशात परत जात होता. कोणाला तरी हाक मारत नव्हता तो आवाज. कोणीतरी दूर दूर निघून जाताना मागे राहतं, तसं काहीतरी होतं ते. संध्याकाळपर्यंत मी त्यावर गिटार चढवून मोकळा झालो होतो. कबूल केलेलं मला आठवत नव्हतं, असं नाही. मला वाटलं, उलटं आहे, कोण ओळखणार?

रेकॉर्ड छापून आली तेव्हा अंबादास परतला होता. माझ्या खोलीत बसून त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या. शेवटचं गाणं संपलं तरी त्यानं सुई उचलली नाही.

"हा आवाज कुणाचाय?"

"कुठला?"

"आबांचा नाही ना, रूबेन?"

"नाही रे. रोहिणीचाय. वेग कमी करून उलटा लावलाय."

त्यानं मान डोलावली. "मला उगाच वाटलं."

इतकं सोपं होतं ते. त्याचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून सोपं होतं.

मग ते इंग्रजी साप्ताहिक आलं. त्यांच्या माणसाशी बोलताना माझी जीभ सैल सुटली होती. 'एका वृद्ध गोंधळ्याचं देवीला बोलावणं उलटं फिरवून या तरुणांनी भारतीय संगीतात एक नवं दार उघडलं आहे,' असं त्यात छापून आलं. दोन आठवड्यांनी सोलापूरच्या एका वृत्तपत्रात त्यातली चार वाक्यं मराठीत आली. आणि त्यानंतर अंबादासच्या हातात गावाहून आलेलं एक पोस्टकार्ड पडलं.

देवीला बोलावणं उलटं वाजवणं म्हणजे आलेल्या देवीला हाकलून लावणं, असं त्यांच्या जातीच्या पंचांचं म्हणणं होतं. आवाज मल्हारीचा असेल, तर त्यानं तो मशीनला दिला कसा? घर वाळीत पडणार. अंबादासच्या धाकट्या बहिणीचं, जनीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, ते मोडणार. कोणी गोंधळाला बोलावणार नाही, कोणी पंगतीला बसवणार नाही.

अंबादास पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आला तो उत्साहातच. "तो पेपरवाला काहीतरी चुकीचं लिहून बसलाय. आपण तिघं जाऊ, रेकॉर्ड वाजवू, रोहिणीताई सांगतील की आवाज त्यांचाय. मिटलं." आबांनाही त्यानं तसंच कळवून टाकलं होतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हो, जाऊ."

निघायच्या आदल्या दिवशी मी रोहिणीला खरं काय ते सांगितलं. ती ऐकत होती आणि ब्रश पुसत होती. तो स्वच्छ झाला तरी पुसत राहिली.

गावाच्या फाट्यावर एस.टी. थांबली. अंबादास टपरीवर पाणी आणायला गेला, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"सांगितलंस त्याला?"

"नाही. गावात जाईपर्यंत सांगतो."

"एक किलोमीटर राहिलंय, रूबेन."

"तू फक्त हो म्हण. एकदाच. जनीचं लग्न—"

"माझ्यावर नको ढकलू," ती म्हणाली. "मला विचारलं तर मी खरं सांगणार. त्याआधी तू बोल. चुकून नाही, माहीत असून केलंस, असं सांग. ते तुला काय करतील? दोन शिव्या देतील. पण त्या घराला तर सोडतील."

तिचं बरोबर होतं. अंबादास पाण्याचा तांब्या घेऊन आला. एक किलोमीटर आम्ही चालत गेलो. तो लहानपणी या रस्त्यावर कुठे बोरं चोरायचा ते दाखवत होता. मी प्रत्येक वळणावर ठरवत होतो, की आता सांगायचं.

देवळाशेजारी लिंबाच्या झाडाखाली तीस-पस्तीस माणसं बसली होती. मधे सतरंजीवर पाच पंच. त्यांतले मोठे किसनबुवा, पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे. त्यांच्या शेजारी भानुदास गुरुजी होते, त्याच जातीतले, तालुक्याच्या शाळेत शिकवणारे. वृत्तपत्रातलं कात्रण त्यांच्याच हातात होतं. बाया देवळाच्या ओट्यापलीकडे उभ्या होत्या. आबा एका बाजूला, एकटे. स्वच्छ धुतलेला पटका, गळ्यात कवड्यांची माळ. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. पाहुण्याकडे पाहून हलवतात तशी.

"वाजवा," किसनबुवा म्हणाले.

मी प्लेअर सतरंजीवर ठेवला आणि सुई शेवटच्या गाण्यावर टेकवली.

खोलीत ऐकलेलं गाणं वेगळं आणि त्या झाडाखाली ऐकलेलं वेगळं. गिटारचा सूर बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटत होता. मग तो आवाज सुरू झाला. माणसं आधी एकमेकांकडे पाहू लागली, मग खाली. एक म्हातारा उठला, चपला पायांत न घालताच दूर जाऊन पाठ करून उभा राहिला. ओट्यापलीकडे कोणीतरी बाई "आई गं" म्हणाली. चार मिनिटं इतकी लांब असतात हे मला माहीत नव्हतं.

सुई मी उचलली.

"अंबादास," किसनबुवा म्हणाले, "कुनाचा म्हनतोस ह्यो आवाज?"

"ह्या ताईंचा, बुवा. मशीनवर जाड केलाय आन् उलटा लावलाय. आबांचा न्हाई."

"बाई, तुमचा हाय का?"

रोहिणी उभी राहिली. पदर सारखा केला. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मला पुरेसा वेळ देऊन पाहिलं. मी बसून राहिलो.

"नाही," ती म्हणाली. "माझा नाही."

अंबादास तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, चालता चालता पायाखालची पायरी नसावी, तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"रूबेन?"

तेवढ्यात भानुदास गुरुजी पुढे सरकले.

"ह्याला उपाय हाय, बुवा. तबकडी उलटी फिरवली, की उलटं हाय ते सुलटं हुईल. हातानं फिरवता येती. काय हो साळवे, हुतं का न्हाई?"

"सुई खराब होईल," मी म्हणालो.

"हू द्या."

मी मोटर बंद केली. सुई गाण्याच्या शेवटाशी टेकवली आणि तर्जनी रेकॉर्डवर ठेवली. सगळे पुढे वाकले.

हे कबूल करायला पन्नास वर्षं लागली, तरी सांगतो. त्या क्षणीही मी सुटायची वाट शोधली. मी बोट भराभरा फिरवलं. आवाज चिरका झाला, पाखरं भांडावीत तसा. मग एकदम हळू केलं, तर नुसती घरघर. पुन्हा भराभरा. एकही शब्द धड निघत नव्हता. माणसं कुजबुजू लागली. "काय कळंना," कोणीतरी म्हणालं. गुरुजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. अजून थोडं असंच रेटलं तर निभावलं, असं मला वाटलं.

"दमानं फिरव," आवाज आला.

आबा बोलत होते.

"हिसके दिऊ नगंस. जात्याचा खुटा धरावा तसं बोट धर. एका चालीनं फिरव."

"आबा—"

"फिरव."

मी फिरवलं. एका चालीनं. आणि त्या झाडाखाली मल्हारी पाचंगे गाऊ लागले. जरा डळमळत, लाटेवर चढल्या-उतरल्यासारखे, पण तेच. एकेका देवीचं नाव घेऊन ते तिला या म्हणत होते. पुढचा दात पडल्यापासून त्यांचा 'स' शीळ घातल्यासारखा निघायचा. तो तसाच निघाला. पाठ करून उभा असलेला म्हातारा वळला. एकदोघांनी नकळत हात जोडले. त्या तीस-पस्तीस माणसांत असं कोणी नव्हतं, की ज्यानं तो आवाज ओळखला नाही.

किसनबुवांनी हात वर केला. मी थांबलो.

"मल्हारी," ते हळू म्हणाले, "माळ हातात घे."

आबांनी गळ्यातली माळ काढून दोन्ही मुठींत धरली.

"आवाज तुझा?"

तेव्हा मी उठलो. "बुवा, चूक माझी आहे. मीच—"

"तू गप," आबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुला कुनी इचारलं?"

ते रेकॉर्डकडे पाहत होते. बराच वेळ पाहत होते. देवळामागे एक शेळी ओरडत होती, तेवढाच आवाज.

"न्हाई," ते म्हणाले. "माझा न्हाई."

किसनबुवांनी मान वर केली.

"मग कुनाचा?"

"मला काय ठावं? माझ्यावानी म्हननारे लई हायेत."

किसनबुवांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या मुठींतल्या माळेकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. पण माळ धरून सांगितलेल्या शब्दाला खोटं म्हणायचं कोणी?

"मल्हारीनं माळ धरून सांगितलंय," किसनबुवा शेवटी म्हणाले. "इषय मिटला." मग आम्हां दोघांकडे वळून, "पाव्हनं, तुमची चीज घ्या आन् निगा. पुन्ना हिकडं येऊ नगा."

गुरुजी काहीतरी बोलणार होते. बुवांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आम्हांला फाट्यापर्यंत सोडायला अंबादास आला. रोहिणी पुढे चालत होती. प्लेअर त्यानं माझ्या हातातून घेतला नाही, मीही दिला नाही. टपरी दिसू लागली तेव्हा तो थांबला.

"फिरवताना तू घाई केलीस," तो म्हणाला.

मी प्लेअर दुसऱ्या हातात घेतला.

"रोहिणीताई नाही म्हणाल्या, तेव्हाही मी मनात म्हटलं, रूबेननं दुसऱ्या कोणाचा तरी घेतला असेल. पण तू घाई केलीस. तेव्हा कळलं."

"अंबादास, मी सांगणार होतो—"

"आबांनी निरोप दिलाय. घरी जी टेप हाय ना, सरळ, ती पुसून टाक."

तो वळला आणि निघून गेला. आमच्याबरोबर त्यानं त्यानंतर कधी वाजवलं नाही.

ती टेप मी पुसली. त्या घराला दिलेला एवढा एकच शब्द मी पाळला. रोहिणी त्याच वर्षी पुढं शिकायला बडोद्याला गेली. 'हळदीचं ऊन' दुकानांतून हळूहळू दिसेनाशी झाली.

अलीकडे काही तरुण मुलांनी ती शोधून काढली, नव्यानं छापली. पुन्हा तेच. एकजण लिहितो, काळाच्या पुढची रेकॉर्ड. दुसरा लिहितो, तीन हौशी पोरांचा गोंधळ. मुलांनी मला विचारलं होतं, शेवटच्या गाण्यातला आवाज कोणाचा, कव्हरवर नाव घालू. अंबादास होता तोवर मी सांगितलं नाही. गेल्या मार्गशीर्षात तो गेला. आता पंच नाहीत, बुवा नाहीत, जनीची नातवंडं पुण्यात नोकऱ्या करतात. आता सांगायला हरकत नाही.

पण आणखी एक सांगायचं राहिलं.

त्या दिवसानंतर वर्षभरानं पुण्यात एका घरी गोंधळ होता. तिथला संबळवाला बार्शीकडचा निघाला. मी सहज विचारलं, मल्हारीआबा कसे आहेत? तो म्हणाला, "बरं हायेत. पर आवतन म्हनत न्हाईत आता. सोडलं त्यांनी."

मी दुसऱ्याच दिवशी निघालो. येऊ नका म्हणून सांगितलेलं होतं, तरी गेलो.

आबा अंगणात बसून घायपाताचा दोर वळत होते. गळ्यात माळ नव्हती. अंबादास गोंधळाला परगावी गेला होता. त्याच्या आईनं मला पाणी दिलं आणि ती आत गेली.

"बस," आबा म्हणाले. जणू काल येऊन गेलो होतो.

"आबा, तुम्ही म्हणणं सोडलंत?"

"सोडलं."

"कधी?"

"त्याच दिशी."

त्यांनी दोराचा एक पदर दुसऱ्यावर चढवला. "माळ धरून खोटं बोललेल्या मानसानं देवीला ये म्हनावं का? तूच सांग."

त्या झाडाखाली ते रेकॉर्डकडे इतका वेळ का पाहत होते, ते मला तेव्हा समजलं. मला वाटलं होतं, म्हाताऱ्यानं पोरासाठी एक शब्द फिरवला. तिथे बसून त्यांनी आपलं पुढचं सगळं गाणं पाहून घेतलं होतं आणि मग नाही म्हणाले होते.

"तुम्ही खरं सांगितलं असतं तर? चूक तर माझीच होती."

"तुझी असली तरी भोगनार कोन? जनी. अंबादास." ते सहज म्हणाले. "आता जनी नांदती. अंबादासला आवतन आलं. मशीनबिशीन न्हाई, माझ्याम्होरं बसून शिकला. त्यो म्हनतो, म्या ऐकतो. झालं की."

मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही. त्यांनी ती ऐकून घेतली, होही म्हणाले नाहीत आणि नाहीही. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं,

"तुझ्या तबकडीचं काय झालं? लोकान्ला आवडली?"

"काहींना आवडली. काहींना अजिबात नाही."

"आन् तुला?"

नाही म्हणणं सोपं होतं. ते त्या अंगणात शोभलंही असतं. पण त्या घरात मी आजवर एकही खरा शब्द बोललो नव्हतो.

"आवडते," मी म्हणालो. "शेवटचं गाणं तर फार. तसं मला पुन्हा काही जमलं नाही."

मला वाटलं, आता ते हाकलून देतील. त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच पाहिलं असेल.

"लागला हुता आवाज त्या दुपारी," ते म्हणाले. "उभ्या जल्मात तसा दोन-तीनदाच लागला. झाडाखाली ऐकलं आन् मनात म्हनलं, मल्हारी, हे तू म्हनलंयस व्हय?" ते जरासे हसले. "त्यापायी तर 'माझा न्हाई' म्हनताना लई जड गेलं."

मग त्यांनी दोराचं एक टोक माझ्यापुढे केलं.

"हे धर जरा. घट धर, सोडू नगंस. येकट्याला पीळ भरता येत न्हाई."

मी दोन्ही हातांनी धरलं. आबा उठले आणि दोर वळत वळत, एकेक पाऊल मागे सरत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले. पीळ सरकत सरकत माझ्या मुठींपर्यंत आला. हात भरून आले, तरी मी सोडलं नाही.